मदत हवी आहे: हेलियम, विजयदुर्ग आणि डीव्हीडीचा स्पेक्ट्रोस्कोप

नमस्कार मंडळी,

मी सिंधुदुर्गात एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक असेलच. यंदा त्या निमित्ताने नववी-दहावीच्या मुलांना काहीतरी प्रत्यक्ष दाखवायचंय, नुसती भाषणं नकोत. पण दोन ठिकाणी अडलेय, तेव्हा जाणकारांनी प्लीज मदत करा.

पहिली अडचण इतिहासाची. किल्ल्यावरचे साहेबाचे कट्टे दाखवून सगळे हेच सांगतात की १८६८ च्या ग्रहणात लॉकयर साहेबाने (इंग्रज खगोलशास्त्रज्ञ) इथून हेलियम शोधला. मी जे वाचलंय त्यात असं आहे की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला होता आणि लॉकयर तेव्हा इंग्लंडातच होता. जान्सेनला स्पेक्ट्रोस्कोपमधून (उजेडातले रंग सुटे करून दाखवणारं उपकरण) सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या रंगीत रेषा (त्यातलीच एक पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली) इतक्या झगझगीत दिसल्या की ग्रहण संपल्यावरही त्या बघता येतील हे त्याने ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी बघितल्याही. लॉकयरने तेच काम २० ऑक्टोबरला इंग्लंडात बसून केलं, ग्रहण नसताना, आणि दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. लॉकयर विजयदुर्गला आला हे खरंच आहे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे नायगमवाला जेऊरला जाऊन बसले होते.

मग मुलांना काय सांगू? गावात लोकांना या गोष्टीचा अभिमान आहे आणि मलाही आहे, तो मोडायचा नाहीये. पण चुकीची सालं पाठ करून घेणं मला जमणार नाही.

दुसरी अडचण उपकरणाची, आणि माझा खरा जीव त्यातच अडकलाय. मला मुलांना हे पटवायचंय की केमिस्ट्रीच्या तक्त्यातलं एक मूलद्रव्य आधी सूर्यावर सापडलं आणि पृथ्वीवर मिळायला त्यानंतर २७ वर्षं गेली. १८९५ ला रसायनशास्त्रज्ञ रॅमसे लंडनमध्ये क्लेव्हाइट नावाचं युरेनियमचं खनिज ॲसिडमध्ये टाकून आर्गॉन शोधत होता आणि जो गॅस निघाला त्यात नेमकी ती सूर्यातली पिवळी रेषा दिसली. त्याआधी अमेरिकेत हिलेब्रँडने अशाच खनिजातून गॅस काढला होता पण तो नायट्रोजन समजला गेला. आणि युरेनियमच्याच खनिजात का, तर युरेनियममधून बाहेर पडणारा अल्फा कण म्हणजेच हेलियमचं केंद्रक, ते पुढे रदरफर्डच्या कामातून कळलं. म्हणजे बघा एका पिवळ्या रेषेत खगोलशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र आणि अणुभौतिकी सगळं आलं, आणि आम्ही हे चार वेगळ्या धड्यांत शिकवतो.

तर मुलांनी बुटाचा खोका, ब्लेडची फट आणि डीव्हीडीचा तुकडा लावून स्पेक्ट्रोस्कोप केलाय. सीएफएल बल्बकडे बघितलं की हिरवी आणि लाल रेषा सुटी सुटी छान दिसते. पण उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदाकडे बघितलं तर नुसता इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा, फ्राउनहोफरच्या काळ्या रेषा (सूर्यातल्या मूलद्रव्यांनी शोषलेल्या रंगांच्या जागा) काही दिसत नाहीत. फट जाड आहे का? का डीव्हीडीने होणारच नाही, विकतची ग्रेटिंग (रंग फाकवणारी बारीक समांतर रेषांची पट्टी) आणावी लागेल? आणि हेलियमची रेषा सूर्यात दाखवता येईल का? मुलं पहिला प्रश्न तोच विचारणार. शिवाय ऑगस्टात इकडे ऊन कुठलं, तेही आहेच.

प्रतिसाद

ताई, विषय झकास घेतलाय. आधी उपकरणाचं बघू. डीव्हीडीवरच्या खाचांमध्ये ०.७४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर असतं, म्हणजे मिलिमीटरला साधारण १३५० रेषा झाल्या, तेव्हा डीव्हीडीने नक्की होईल. सीडी घेऊ नका, तिच्यात हेच अंतर १.६ मायक्रॉन असतं, म्हणून रंग कमी फाकतात. गडबड बहुतेक फटीत आहे. सीएफएलच्या रेषा मुळातच ठळक म्हणून जाड फटीतूनही सुट्या दिसतात, सूर्याच्या काळ्या रेषा मात्र बारीक, फट रुंद असली की दोन्ही बाजूचा उजेड त्यांच्यावर पसरतो आणि त्या पुसल्या जातात. दोन नवीन ब्लेड धारेसमोर धार येईल असे चिकटवा आणि मध्ये फक्त कागदाच्या जाडीएवढी जागा ठेवा. खोका लांब घ्या, फटीपासून डीव्हीडी वीस-पंचवीस सेंटिमीटर तरी लांब हवी. तुकडा डीव्हीडीच्या बाहेरच्या कडेचा कापा कारण तिथे खाचा कमी वळतात, आणि खाचा फटीला समांतर हव्यात, हे थोडं जरी तिरकं झालं तरी सगळं फिस्कटतं.

आधी हिरव्या भागात मॅग्नेशियमच्या रेषा आणि निळ्यात ४८६ नॅनोमीटर तरंगलांबीची (रंगाची जागा सांगणारं माप) हायड्रोजनची रेषा शोधा. एकदा नजर बसली की पिवळ्यातली सोडियमची सापडते.

पावसाचं टेन्शन घेऊ नका. ढगातून येणारा उजेडही सूर्याचाच, त्यात त्याच रेषा असतात, खोका सरळ पांढऱ्या आभाळाकडे धरा. उलट बरंच, कारण ऊन असलं की कोणीतरी पोरगा सूर्याकडेच रोखून बघतो. ते मात्र कडक बजावून सांगा, सूर्याकडे थेट अजिबात बघायचं नाही. १८६८ ला जमखंडीत हर्शेललासुद्धा ढगांनी छळलं होतं.

प्रतिसाद

हेलियमच्या रेषेबद्दल लिहितो. ती तुम्हाला या खोक्यातून सूर्यात दिसणार नाही, आणि का दिसणार नाही हेच मुलांना सांगण्यासारखं आहे. सूर्याच्या वस्तुमानात चौथाई हेलियम आहे, तरी त्याच्या नेहमीच्या प्रकाशात हेलियमची ती रेषा उमटत नाही. ती शोषायला हेलियमचा इलेक्ट्रॉन आधीच खूप वरच्या ऊर्जापातळीवर असावा लागतो, सुमारे २१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक) वर, आणि पृष्ठभागाचं साडेपाच-पावणेसहा हजार केल्व्हिन तापमान त्याला पुरत नाही. म्हणून ती ग्रहणात, कडेवरच्या ज्वाळांमध्ये सापडली. कुठल्या तापमानाला कुठल्या अणूच्या रेषा दिसतील याचं गणित मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडलं आणि त्यावरून खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत हे दाखवलं. रेषा ठळक म्हणजे तो पदार्थ जास्त, असं नसतं, हे मुलांना जरूर सांगा.

दाखवायचं असेल तर मिठाचा प्रयोग करा. स्पिरिटच्या दिव्यावर तारेच्या टोकाने मिठाचं पाणी धरा, ज्योत पिवळी होते आणि स्पेक्ट्रोस्कोपमध्ये ५८९ नॅनोमीटरच्या जागी एकच झगझगीत रेषा येते. खोक्यात कागदाची पट्टी लावून तिची जागा पेन्सिलीने खूण करा आणि मग तोच खोका आभाळाकडे धरा, खुणेवर काळी रेषा येईल. हेलियमची ५८७.६ ला, म्हणजे शेजारीच, म्हणून तर आधी लोकांना ती सोडियमचीच वाटली. जवळच्या सीनियर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये विचारा, हेलियमची डिस्चार्ज ट्यूब (वीज सोडली की उजळणारी गॅस भरलेली नळी) असली तर दोन तासांसाठी देतील.

इतिहासाचं म्हणाल तर अभिमान मोडायची गरजच नाही. हेलियमच्या कथेतला मुख्य माणूस तीस वर्षांनी आपल्या किल्ल्यावर येऊन ग्रहण बघून गेला, हेही काही कमी नाही. दोन्ही सालं फळ्यावर लिहा आणि कुठे काय झालं ते मुलांनाच नकाशावर लावू द्या.

धागाकर्ती

दोघांचेही खूप खूप आभार! ढगांच्या उजेडात रेषा दिसतात हे वाचून जीव भांड्यात पडला. फट बदलायला मुलांना सांगितलंय, मिठाचा प्रयोग या शनिवारीच करून बघतो. नकाशाची आयडिया तर घेतलीच, गुंटूर, जमखंडी, विजयदुर्ग, जेऊर अशा पताका लावू.

अजून एक विचारायचं राहिलं. स्पेक्ट्रोस्कोपमधलं चित्र मोबाईलने काढून मागच्या बाकांवरच्या मुलांना दाखवता येईल का? कॅमेरा डीव्हीडीच्या तुकड्याला टेकवून धरला तर फोकस लागत नाहीये, कोणी केलं असेल तर सेटिंग सांगा.