हॉट टब घेताना पंपाची अश्वशक्ती बघावी की जेटचा जोर?

मुळाकाठ:

नमस्कार. आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरात राहतो आणि हिवाळा सुरू होण्याच्या आत मागच्या अंगणात हॉट टब बसवायचा, असे घरात ठरले आहे. बैठ्या कामामुळे माझी पाठ कायम आखडलेली असते, आणि आई नाशिकहून येऊन राहते तेव्हा तिच्या गुडघ्यांनाही आराम मिळावा, अशी इच्छा आहे. रंगीत दिवे, कारंजी, स्पीकर यांत मला रस नाही. मसाज चांगला हवा, ही एकच मुख्य अट आहे.

पुष्कळ शोधाशोध करून दोन टबांवर येऊन थांबलो आहे. आकार आणि पाणी धरण्याची क्षमता, सुमारे ३५० गॅलन, दोन्हींची सारखीच आहे. पहिल्याच्या माहितीपत्रकात ५ एचपीचे (अश्वशक्तीचे) दोन पंप आणि ६४ जेट (पाण्याची धार सोडणारी तोंडे) असे ठळक अक्षरांत छापले आहे. दुसऱ्यात पंप दोनच, पण प्रत्येकी २.५ एचपीचे, त्यापुढे ‘कंटिन्युअस’ असा शब्द, आणि जेट ३८. किंमत मात्र दुसऱ्याची जास्त आहे. पहिल्या दुकानातील विक्रेता म्हणतो की ताकद दुप्पट आणि पैसे कमी, मग विचार कसला करता? दुसऱ्या दुकानातील गृहस्थांनी एचपीकडे बघूच नका असे सांगितले, पण मग कशाकडे बघायचे हे त्यांना नीट समजावून सांगता आले नाही.

पंपाची अश्वशक्ती आणि पाठीवर जाणवणारा जोर यांचा नेमका संबंध काय, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलना कोणत्या मापाने करावी, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

कृष्णाखोरे:

माझी नोकरी पंपांच्या चाचणी विभागात झाली, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे. जरा लांबण लागेल, पण पैसे देण्यापूर्वी हे समजून घेणे आवश्यक आहे.

प्रथम ५ एचपीचा दावा तपासू. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे मोटरच्या दांड्यावर खरोखर ५ एचपी मिळायची तर ३,७३० वॅट तिथे पोचले पाहिजेत. मोटरची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर विजेच्या बाजूने जवळजवळ ५,००० वॅट आत जावे लागतात, आणि २३० व्होल्टवर त्याचा प्रवाह २१ अँपिअरच्या वर जातो. आता टबाचे पॅनेल उघडायला लावून पंपावरची नेमप्लेट वाचा; बहुतेक वेळा तिथे १० ते १२ अँपिअर लिहिलेले आढळेल. आपल्याकडे विहिरीवर ५ एचपीची मोटर बसवणारा शेतकरी थ्री फेज जोडणी आणि स्टार्टर घेतो, आणि ती मोटर एकट्याने उचलवत नाही. टबाच्या पोटातला पंप मिस्त्री एकटा बाहेर काढतो. जी मोटर १२ अँपिअर घेते ती ५ एचपी देऊच शकत नाही.

मग ५ हा आकडा येतो कुठून? मोटर बंद पडण्याच्या क्षणापूर्वी, अगदी थोडा वेळ जी कमाल शक्ती देऊ शकते, ती ‘पीक’ किंवा ‘ब्रेक’ असे विशेषण लावून छापण्याची पद्धत या धंद्यात रुळली आहे. त्या शक्तीवर मोटर चालवली तर ती जळेल. ‘कंटिन्युअस’ म्हणजे तासन् तास न तापता मिळणारी शक्ती. म्हणून तुमच्या दोन माहितीपत्रकांतील ५ आणि २.५ हे एकाच मापाचे आकडे नाहीत, आणि त्यांची वजाबाकी करण्यात अर्थ नाही. तुलना करायचीच असेल तर दोन्ही नेमप्लेटवरचे व्होल्ट आणि पूर्ण वेगावरचे अँपिअर यांची करावी.

पण खरा मुद्दा याच्या पुढे आहे. पंप शक्ती देतो ती दोन रूपांत, किती पाणी आणि किती दाबाने. आणि यांतले तुमच्या पाठीपर्यंत किती पोचते हे नळकामावर ठरते. दीड इंची पाइपाऐवजी दोन इंची पाइप घातला तर तेवढ्याच पाण्यासाठी घर्षणात जाणारा दाब जवळजवळ चौथाईवर येतो. त्याउलट टबाच्या खाली वळणावळणांनी, एल्बोवर एल्बो (काटकोनी जोड) लावून पाइप फिरवला असेल, तर मोटर कितीही दणकट असली तरी तिची बरीच मेहनत पाइपातच विरते. एकाच मोटरवर चालणाऱ्या दोन टबांचा मसाज वेगळा लागतो, त्याचे मोठे कारण हे आहे.

आता जेटकडे येतो, कारण सर्वांत जास्त दिशाभूल जेटच्या संख्येने होते. जेट अंगावर जो धक्का देतो तो दर सेकंदाला बाहेर पडणारे पाणी गुणिले त्याचा वेग एवढा असतो. समजा, १० मिलिमीटरच्या छिद्रातून मिनिटाला ४० लिटर पाणी येत आहे. त्याचा वेग सेकंदाला साडेआठ मीटर भरतो आणि धक्का साधारण ५७० ग्रॅम वजनाइतका होतो. त्याच छिद्रातून निम्मे पाणी सोडले तर वेगही निम्मा होतो आणि धक्का चौथाईवर, म्हणजे १४० ग्रॅमच्या आसपास येतो. पंप तोच ठेवून जेट दुप्पट केले की नेमके या दिशेने होते. तंतोतंत चौथाई होत नाही, कारण वाटा वाढल्यावर पंप थोडे जास्त पाणी देतो, पण घट मोठी असते.

यावर उपाय म्हणून काही कंपन्या छिद्रे बारीक करतात. मग वेग टिकतो आणि हाताला धार चांगली टोचते, त्यामुळे दुकानात जोर वाटतो. परंतु पाण्याखालची धार आजूबाजूचे पाणी ओढत ओढत मंदावते. छिद्राच्या व्यासाच्या सुमारे सहा पट अंतरापर्यंत तिच्या मध्यभागाचा वेग शाबूत राहतो, नंतर अंतर वाढेल तसा तो घटत जातो. ५ मिलिमीटरच्या छिद्राला ही मर्यादा ३ सेंटिमीटरची, तर १० मिलिमीटरच्या छिद्राला ६ सेंटिमीटरची पडते. पाठ टेकून बसल्यावर खांद्याचे पाते आणि जेट यांत एवढेच अंतर राहते. म्हणून आखडलेल्या स्नायूपर्यंत दाब पोचवायचा असेल, तर बारीक जेटांच्या गर्दीपेक्षा मोठ्या तोंडाचे, भरपूर पाणी देणारे मोजके जेट जास्त उपयोगी पडतात.

तेव्हा पंप किती, हा प्रश्न सोडा; एका पंपावर एका वेळी किती जेट चालतात, हे विचारा.

बर्फाळ अंगण:

वरील प्रतिसाद अत्यंत उपयुक्त आहे. आम्ही कॅलगरीला आहोत आणि आमचा टब वर्षभर वापरात असतो, म्हणून त्या अनुभवावरून थोडी भर घालतो.

एका वेळी किती जेट चालतात, हे ठरवणारी गोष्ट म्हणजे काठावरची डायव्हर्टरची मूठ. ती एका बाजूला पूर्ण फिरवली की पंपाचे सगळे पाणी एका बाजूच्या आसनांना जाते, मधोमध ठेवली की दोन्हीकडे वाटले जाते आणि जोर लगेच उतरतो. दुकानातला माणूस ती एका बाजूला पूर्ण फिरवूनच दाखवतो. तुम्ही ती मधोमध आणून पाहा, कारण घरात दोघे-तिघे बसल्यावर ती तिथेच राहणार आहे. दुसरी, लहान मूठ हवेची असते. ती उघडली की जेटच्या अरुंद भागात कमी झालेल्या दाबामुळे बाहेरची हवा आपोआप ओढली जाते, पाण्यात मिसळते आणि धार भरदार वाटते. मात्र ती हवा बाहेरच्या तापमानाची असते. उणे २० अंशांत ती मूठ उघडी ठेवून अर्धा तास बसलात तर पाणी हळूहळू निवते. त्यामुळे हवा पूर्ण बंद करूनही जोर पुरेसा वाटतो का, हे तपासणे थंड प्रदेशात राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचे आहे.

हीटर चालू असताना दोन्ही पंप पूर्ण वेगाने चालतात का, हेही लेखी विचारून घ्या. तिकडे असे टब बहुधा २४० व्होल्ट, ५० अँपिअरच्या जोडणीवर असतात आणि सलग भारासाठी त्यातले ४० अँपिअरच धरायचे असतात. ५.५ किलोवॅटचा हीटर एकटाच सुमारे २३ अँपिअर घेतो. उरलेल्यात दोन मोठे पंप बसत नाहीत, म्हणून पुष्कळ टब अशा वेळी हीटर थांबवतात. त्यात दोष काही नाही, फक्त ते आधी माहीत असावे. साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर चालणाऱ्या टबांत तर जोराचा पंप आणि हीटर सहसा आलटून पालटूनच चालतात.

आणि पोहण्याचे कपडे घेऊन दुकानात जा. भरलेल्या टबात बसून बघू देणारा विक्रेता मिळत नसेल तर दुसरीकडे जा, इतका माझा याबाबत आग्रह आहे. प्रत्येक आसनावर बसा. जेट तुमच्या पाठीच्या दुखऱ्या जागी येतो की दोन बोटे वर, हे कागदावर कळत नाही. पाठीमागचा जोर जास्त असेल तर हलक्या अंगाची व्यक्ती आसनावरून पुढे ढकलली जाते, आणि मग सगळा वेळ पाय रोवून बसण्यात जातो. तुमच्या पत्नीला आणि आईलाही बसवून पाहा. आत उतरण्याची पायरी किती उंच आहे, हाताला धरायला काय आहे, हे आईच्या दृष्टीने जोराइतकेच महत्त्वाचे.

स्नायुमित्र:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून फक्त शरीराच्या बाजूने लिहिते. गुडघ्यांच्या दुखण्यात आराम मुख्यतः पाण्याच्या उबेने आणि पाण्यात शरीराचा भार हलका झाल्याने मिळतो. जोराची धार थेट गुडघ्याच्या वाटीवर घेऊ नये. मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंवर सौम्य धार चालते. त्यामुळे आईंच्या आसनावरचे जेट एकेकटे फिरवून मंद करता येतात का, हे पाहावे.

पाण्याचे तापमान ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ अंश फॅरनहाइटच्या वर नेऊ नये, आणि वयस्कर व्यक्तींसाठी ते त्याहून कमीच ठेवावे. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो, त्यामुळे एकदम उभे राहिल्यास चक्कर येऊ शकते. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, किंवा मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर जोराच्या धारेने काळेनिळे डागही पडू शकतात.

मुळाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही दुकानांत जाऊन पॅनेल उघडायला सांगितले. पहिल्या टबाच्या पंपावर २३० व्होल्ट, पूर्ण वेगाला ११.० अँपिअर, फ्रेम ४८ असे आहे. दुसऱ्यावर २३० व्होल्ट, ११.४ अँपिअर, फ्रेम ५६. डायव्हर्टर दोन्हीकडे आहेत. याचा अर्थ मी बरोबर लावतो आहे का, की ५ एचपीचा पंप आणि २.५ एचपीचा पंप जवळजवळ एकच आहेत?

कृष्णाखोरे:

होय, अगदी बरोबर. २३० गुणिले ११ म्हणजे २,५३०. यातला कणही वाया गेला नाही असे मानले तरी ३.४ एचपीच्या वर जाता येत नाही, आणि कार्यक्षमता व पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअर यांतला खरोखर कामी येणारा वाटा) धरला तर हाती सव्वादोन ते अडीच एचपी राहतात. दुसरा पंपही त्याच घरातला, किंचित वरचढ. फ्रेम म्हणजे मोटरच्या सांगाड्याचे माप; ५६ ची मोटर अंगाने मोठी असते, तिचा दांडा पायापासून साडेतीन इंचांवर असतो, तर ४८ ची तीन इंचांवर. एवढ्याच भाराला मोठी मोटर सहसा कमी तापते, हा तिचा फायदा.

आता जेट वाटून पाहा. पहिल्यात एका पंपामागे ३२, दुसऱ्यात १९. छिद्रे बारीक करून वेग टिकवला असे धरले तरी पहिल्या टबात प्रत्येक जेटचा धक्का दुसऱ्याच्या सुमारे ६० टक्केच भरेल, आणि छिद्रे तेवढीच असतील तर त्याहूनही कमी. तुमची गरज पाठीच्या खोल स्नायूंची आहे, म्हणून माझा कौल दुसऱ्याला, अर्थात त्यात बसून पाहिल्यावर.

एक गोष्ट अजून. पंप जितके पाणी बाहेर फेकतो तितकेच तळाच्या जाळ्यांतून ओढतो. २००२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबाच्या अशाच जाळीला खेचली जाऊन बुडाली. त्यानंतर २००७ साली तिच्या नावाने केंद्रीय कायदा झाला आणि तेथे विकल्या जाणाऱ्या जाळ्यांना सुरक्षेचे मानक लागू झाले. जाळीवर ती किती प्रवाह सुरक्षितपणे घेऊ शकते हा आकडा कोरलेला असतो. तो पंपाच्या कमाल प्रवाहापेक्षा जास्त आहे ना, आणि प्रत्येक पंपाला एकमेकांपासून दूर अशा किमान दोन जाळ्या आहेत ना, हे स्वतः वाकून वाचा. जाळीला तडा गेलेला दिसला तर नवी बसेपर्यंत टब वापरू नका, आणि लांब केसांच्या मुलींना केस बांधल्याशिवाय पाण्यात उतरू देऊ नका.

मुळाकाठ:

जाळीचा मुद्दा माझ्या ध्यानातही नव्हता. भाची सुट्टीत आमच्याकडेच असते. दुसऱ्या दुकानदाराने शनिवारी टब भरून गरम ठेवण्याचे कबूल केले आहे. मी आणि पत्नी दोघेही बसून पाहू, डायव्हर्टर मधोमध आणि हवा बंद ठेवून. जाळ्यांवरचे आकडे आणि पंपाचा कमाल प्रवाह लिहून आणतो आणि इथेच देतो.