बलाढ्य टेक कंपन्यांची आर्थिक ताकद नेमकी कशी जोखावी?

पुणेकर_गुंतवणूकदार: नमस्कार. एलआरएसमार्फत (परदेशात पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) अमेरिकी समभाग घेण्याचा विचार असून सध्या ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि अल्फाबेट (गुगलची मूळ कंपनी) यांचे वार्षिक अहवाल वाचतो आहे. ॲपलच्या २०२४ च्या ताळेबंदात भागधारकांचे भांडवल जेमतेम ५७ अब्ज डॉलर आहे आणि त्या वर्षाचा निव्वळ नफा मात्र ९३.७ अब्ज, म्हणजे भांडवलावरील परतावा दीडशे टक्क्यांच्या पुढे जातो. हे ताकदीचे लक्षण समजावे की धोक्याचे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ताळेबंद: दोन्हींपैकी कशाचेच नाही. ॲपलने त्या एका वर्षात सुमारे ९५ अब्ज डॉलरचे स्वतःचेच समभाग परत विकत घेतले. अशा बायबॅकने भांडवल आटत जाते आणि गुणोत्तर आपोआप फुगते, म्हणून ॲपलपुरते ते बाजूला ठेवावे. त्याऐवजी रोख प्रवाहाचे पत्रक उघडावे: व्यवसायातून आलेली रोकड ११८ अब्ज आणि भांडवली खर्च (इमारती, यंत्रे यांवरचा) साडेनऊ अब्जांच्या आसपास. खरी ताकद तिथे दिसते. मात्र सफारी या ॲपलच्या ब्राउझरमध्ये आपले सर्च आधीपासून निवडलेले असावे यासाठी गुगलने २०२२ मध्ये ॲपलला २० अब्ज डॉलर दिल्याचे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. सप्टेंबर २०२५ च्या निकालाने असे पैसे देण्यास बंदी घातली नाही, फक्त एकाधिकाराचे करार रोखले. तरीही इतकी मोठी मिळकत दुसऱ्याच्या करारावर अवलंबून आहे, याची नोंद घ्यावीच.

घसारा_तपासा: अल्फाबेटकडे वळताना नफ्याच्या आकड्याआधी हिशेबाला जोडलेल्या टिपा वाचाव्यात, असे माझे आग्रहाचे मत आहे. २०२४ मध्ये कंपनीने ५२.५ अब्ज डॉलर भांडवली खर्च केला, पण तो नफ्यातून एकदम वजा होत नाही; सर्व्हर किती वर्षे चालतील असे गृहीत धरले आहे, त्यानुसार घसाऱ्याच्या रूपाने थोडा थोडा वजा होतो. २०२३ मध्ये अल्फाबेटने हे आयुष्य चार वर्षांवरून सहा केले आणि त्या वर्षीचा घसारा सुमारे ३.९ अब्जांनी घटला. गल्ल्यात एक डॉलरही जास्त आला नाही, नफा मात्र वाढला. उलट ॲमेझॉनने एआयचा वेग पाहून २०२५ पासून काही सर्व्हरचे आयुष्य सहावरून पाच वर्षांवर आणले. मला ॲमेझॉनची सावधगिरी अधिक विश्वासार्ह वाटते. कर्मचाऱ्यांना समभागांच्या रूपाने दिलेला मोबदलाही असाच नजरेआड राहतो. मेटाच्या बाबतीत तो २०२४ मध्ये १६ अब्जांहून अधिक होता.

पुणेकर_गुंतवणूकदार: आभारी आहे. मग मायक्रोसॉफ्टचे ‘एएए’ हे सर्वोच्च पतमानांकन पुरेसे मानावे का?

जुना_भागधारक: ते मानांकन कर्ज देणाऱ्यांसाठी असते. कर्ज फिटेल एवढेच ते सांगते, समभाग कोणत्या भावाला घ्यावा हे सांगत नाही. डिसेंबर १९९९ मध्येही मायक्रोसॉफ्ट भक्कम नफ्यात होती, तरी त्या शिखरावर समभाग घेणाऱ्याला, लाभांश सोडल्यास, तोच भाव पुन्हा दिसायला २०१६ उजाडले. शिवाय जून २०२५ अखेरच्या वर्षातील ६४.६ अब्जांच्या भांडवली खर्चात वित्तीय भाडेपट्ट्याने (जवळपास खरेदीसारख्या दीर्घ भाडेकराराने) घेतलेली डेटा सेंटरे धरलेली नाहीत. त्यांची देणी भाडेपट्ट्यांच्या वेगळ्या टिपेत सापडतील, ती मिळवूनच हिशेब करावा.