मदत हवी आहे : वडिलांच्या प्रोस्टेट कर्करोगावर लगेच शस्त्रक्रिया करावी का?

आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. माझ्या वडिलांना (वय ६९) प्रोस्टेटचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असल्याचे निदान झाले आहे. पीएसए (प्रोस्टेटसाठी केली जाणारी रक्ततपासणी) ६.४ असून बायोप्सीच्या १२ तुकड्यांपैकी दोनांत ग्लीसन गुणांक (कर्करोगाच्या पेशी किती आक्रमक दिसतात याचे माप) ३+३, म्हणजे ६, आढळला. एमआरआयमध्ये गाठ प्रोस्टेट ग्रंथीबाहेर गेलेली दिसत नाही.

एक डॉक्टर रोबोटिक शस्त्रक्रिया सुचवतात, तर दुसऱ्यांच्या मते हा कमी जोखमीचा प्रकार असल्याने दर सहा महिन्यांनी पीएसए आणि गरजेनुसार पुन्हा एमआरआय व बायोप्सी करत लक्ष ठेवणे पुरेसे आहे, आणि आजार वाढताना दिसला तर तेव्हाही शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन करता येते. मला दुसरे म्हणणे पटते. पण ‘कर्करोग अंगात ठेवून गप्प कसे बसायचे?’ हा आईचा प्रश्न मला खोडता येत नाही. वडील मात्र रोज पहाटे रामकुंडापर्यंत चालत जातात आणि त्यांना भीती आहे ती शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा न राहण्याचीच.

ज्यांच्या घरी असा निर्णय घ्यावा लागला, त्यांनी कशाच्या आधारावर घेतला? नुसते लक्ष ठेवणाऱ्यांना पुढे उपचार घ्यावे लागले का? बायोप्सीच्या स्लाइड मुंबईत टाटा रुग्णालयात पुन्हा तपासून घेण्यासाठी येथून काय काय न्यावे लागते, हेही कृपया सांगावे.