साइगो ताकामोरीला देशाने फसवलं? मला तरी पटत नाही

खडूसमामा

काल भाचा जेवायला होता. जपानी ॲनिमे बघून बघून पोराच्या डोक्यात नुसत्या तलवारी भरल्यात. वरणभात कालवताना म्हणाला, "मामा, साइगो ताकामोरी म्हणजे खरा शेवटचा सामुराई. ज्या देशासाठी लढला, त्याच देशाने त्याला दगा दिला." ताटावर वाद घालायचा नाही असा आमच्या घरात नियम आहे, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साइगो हा जपानच्या दक्षिण टोकाच्या सात्सुमा संस्थानातला, हलक्या दर्जाच्या सामुराई घरातला माणूस. जन्म १८२८. १८६८ मध्ये तोकुगावा शोगुनांची, म्हणजे सम्राटाच्या नावाखाली राज्य करणाऱ्या सरसेनापतींची, सत्ता उलथून सम्राट मेइजीच्या नावाने नवं सरकार आलं, ते आणणाऱ्या मोजक्या माणसांतला एक. नऊ वर्षांनी, १८७७ मध्ये, तो त्याच सरकारवर चालून गेला आणि २४ सप्टेंबरला कागोशिमातल्या शिरोयामा टेकडीवर मेला.

आता सांगा, सामुराईंचं गेलं काय काय? १८७१ मध्ये संस्थानं खालसा झाली. कुणी कुरकुर केलीच तर चिरडायला तोक्योत फौज घेऊन कोण बसलं होतं? साइगो. जानेवारी १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आली आणि शेतकऱ्याच्या पोराच्या हातात बंदूक गेली. तेव्हा अर्धे मंत्री ज्येष्ठ नेते इवाकुरांबरोबर युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर होते आणि मागे कारभार बघत होता साइगो. सामुराईगिरीच्या मुळावर घाव घालताना कुऱ्हाडीचा दांडा याच गृहस्थांच्या हातात होता.

पुढे कोरियाला दूत म्हणून जायचं की नाही या प्रश्नावर मंत्रिमंडळात हरला, ऑक्टोबर १८७३ मध्ये राजीनामा देऊन गावी गेला. ठीक. पण गावी काय छळ झाला? कागोशिमा, म्हणजे जुनं सात्सुमा, तेव्हा सरकारचा जावई होतं. केंद्राचे कायदे तिथे पोचायचे नाहीत, करही धड वर जायचा नाही, जिल्ह्याचे अधिकारी याच्याच माणसांनी सामुराई पोरांसाठी काढलेल्या 'खासगी शाळां'तले. १८७६ मध्ये सामुराईंचे तनखे बंद करून रोखे दिले, तेव्हा इतरांना साधारण पाच ते सात टक्के व्याज आणि सात्सुमावाल्यांच्या बऱ्याचशा रोख्यांना दहा टक्के!

याला दगा म्हणायचं तर जावयाला मानपानात नारळ लहान मिळाला हाही दगाच.

सह्यकडा

मामा, नारळाचं ठीक आहे, पण नारळ फोडायला माणूस पाठवला होता त्याचं काय?

कोरिया प्रकरण तुम्ही एका वाक्यात गुंडाळलंत. ऑगस्ट १८७३ मध्ये साइगोला दूत म्हणून पाठवायचं हे ठरलं होतं. ऑक्टोबरच्या बैठकीत पुन्हा तेच ठरलं. मग पंतप्रधान सांजो ऐन वेळी आजारी पडले, इवाकुरा हंगामी प्रमुख झाले आणि त्यांनी मंत्रिमंडळाच्या निर्णयासोबत स्वतःचं उलट मत सम्राटापुढे ठेवून निर्णय फिरवला. तुम्ही म्हणता 'हरला'. आमच्या सोसायटीत असं झालं असतं तर सचिवाला कोर्टात खेचलं असतं.

आणि ज्यांनी 'आधी घर सुधारू, मग परदेश' म्हणत त्याला बाहेर काढलं, त्यांनीच १८७४ मध्ये तैवानवर फौज पाठवली. सेनापती कोण, तर साइगोचाच धाकटा भाऊ त्सुगुमिची. १८७५ मध्ये कोरियाच्या गांगह्वा बेटापाशी गनबोट नेऊन भांडण उकरलं आणि पुढच्या वर्षी हवा तसा तह करून घेतला.

आता १८७७. पोलीसप्रमुख कावाजी, तोही सात्सुमाचाच, आपली माणसं कागोशिमात गुपचूप पाठवतो. ती पकडली जातात आणि साइगोला मारण्याचा कट होता असा कबुलीजबाब निघतो. मारहाण करून घेतला असेल, मान्य. पण त्याच सुमारास सरकार बोट पाठवून तिथला दारूगोळाही हलवायला लागतं. शाळेतली पोरं खवळून कोठारावर तुटून पडली, तेव्हा साइगो पलीकडच्या ओसुमी द्वीपकल्पात कुत्रे घेऊन शिकारीला गेला होता. बंड करणारा माणूस आदल्या आठवड्यात ससे मारत फिरतो होय?

मीठभाकरी

दोघेही एकाच माणसाभोवती फिरताय. सामुराई म्हणजे साइगो नव्हे. रोखे मिळालेली माणसं तीन लाखांवर होती आणि त्यातल्या बहुतेकांच्या रोख्याच्या व्याजावर घर चालणं शक्य नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या तांदळाच्या पोत्यांत पगार घेणाऱ्यांना एकदम कागद हातात दिला. कुणी दुकान टाकलं आणि बुडालं, त्यावरून 'सामुराईचा धंदा' हा जपानीत वाक्प्रचारच झाला. तलवार बाळगायला बंदी मार्च १८७६ मध्ये, तनखा बंद ऑगस्टमध्ये, आणि ऑक्टोबरमध्ये कुमामोतो, आकिझुकी, हागी अशी तीन बंडं लागोपाठ.

मामा, 'फसवलं का' हा प्रश्न या माणसांना विचारा. साइगोला पेन्शनची चिंता नव्हती.

खडूसमामा

@मीठभाकरी, हे मान्य. पण मग बंडाच्या कागदात यातलं काही दिसतं का? निघताना साइगोने दिलेल्या पत्रात काय आहे? 'सरकारला काही विचारायचं आहे.' बस. तनखा नाही, शेतकऱ्याचा सारा नाही, राज्य कसं चालवायचं याची एक ओळ नाही. तेव्हाही तो लष्करात जनरल होता आणि जाब विचारायला बरोबर दहा-बारा हजार माणसं. बर्फ पडत असताना निघाले, कुमामोतोच्या किल्ल्यापुढे पन्नासेक दिवस अडकले. दोन्हीकडची मिळून बारा हजारांवर माणसं गेली, सरकारचे चार कोटी येनच्या वर खर्च झाले, नोटा छापाव्या लागल्या, महागाई झाली ती वेगळीच.

@सह्यकडा, ससे मारत होता म्हणूनच तर म्हणतो. स्वतःला बंड करायचं नव्हतं, पण पोरांना 'घरी जा' म्हणायची हिंमतही नव्हती. याला लोक महानता म्हणतात.

गल्लीतला_गालिब

आमचा एकच प्रश्न. १८७७ मध्ये मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. जपानी लोक रात्री त्या लाल ताऱ्याकडे बघून म्हणायचे, त्यात साइगो पूर्ण गणवेशात दिसतो. 'साइगोचा तारा' म्हणून चित्रंसुद्धा विकली गेली. पुढे १८९१ मध्ये रशियाचा युवराज जपानला येणार म्हटल्यावर अफवा उठली, की साइगो मेलेलाच नाही, रशियात लपलाय आणि त्याच बोटीतून परत येतोय!

भाऊसाहेबांचा तोतया आठवला ना? पानिपत काय, शिरोयामा काय, जनता आपला माणूस मेलाय हे लवकर मान्य करत नाही. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

तोक्योतली_सून

उएनो पार्कातल्या साइगोच्या पुतळ्यासमोरून माझं नेहमी जाणं होतं. साधा किमोनो, सोबत कुत्रा. १८८९ मध्ये संविधानाबरोबर त्याला माफी मिळाली, १८९८ मध्ये पुतळा उभा राहिला. देशाने दगा दिलेल्या माणसाला राजधानीत इतकी मोक्याची जागा मिळते?

पण मला वेगळ्याच लोकांविषयी बोलायचंय. धाग्यात सूडाचा विषय निघालाच नाही, आणि खरा सूड होता तो सरकारच्या बाजूने लढणाऱ्यांकडे.

आइझु हे उत्तरेकडचं संस्थान. तिथला प्रमुख मात्सुदाइरा कातामोरी क्योतोत सम्राट कोमेइचं रक्षण करत होता. सम्राटाने खूश होऊन त्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. कोमेइ वारला, सात्सुमा आणि त्याचं जोडीदार संस्थान चोशू यांनी राजपुत्राला हाताशी धरलं आणि एका रात्रीत आइझु 'दरबाराचा शत्रू' झालं. १८६८ मध्ये किल्ल्याला वेढा पडला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या तुकडीने टेकडीवरून धूर पाहिला आणि किल्ला पडला असं समजून पोटात तलवारी खुपसल्या. किल्ला तेव्हा पडलाही नव्हता. वाचलेल्यांना होन्शूच्या उत्तर टोकाला पाठवलं, जिथे भात पिकत नाही. उपासमारीने माणसं मेली. कातामोरीने ते पत्र बांबूच्या नळीत घालून मरेपर्यंत गळ्यात बाळगलं. सफाई म्हणून कधी कुणाला दाखवत फिरला नाही.

आता मार्च १८७७, ताबारुझाकाचा घाट. सतरा दिवस लढाई, त्यात पाऊस. सात्सुमाच्या तोंडाने ठासायच्या जुन्या बंदुका भिजून निकामी झाल्या की ते तलवारी घेऊन तुटून पडायचे आणि शेतकऱ्यांची पलटण मागे पळायची. मग सरकारने पोलिसांतून तलवारबाज निवडले. त्यात जुने आइझुवाले होते, आणि 'बोशिनचा सूड!' असं ओरडत ते सात्सुमाच्या खंदकांत घुसले हे तेव्हाच्या वर्तमानपत्रात छापून आलंय. बोशिन म्हणजे १८६८ च्या युद्धाचं वर्ष. आइझुकडून लढलेला, शिनसेनगुमी या शोगुनच्या बाजूच्या तलवारबाज तुकडीतला साइतो हाजिमे नाव बदलून तोक्यो पोलिसांत गेला होता, तोही या मोहिमेत होता.

म्हणजे ज्यांना साइगोच्या राज्याने देशद्रोही ठरवलं, त्यांनी त्याच राज्याची वर्दी घालून साइगोचा हिशेब चुकता केला. आणि तुम्ही साइगोच्या दग्यावर भांडताय.

सह्यकडा

ताई, उत्तम प्रतिसाद, पण पुतळ्याचा मुद्दा नाही पटला. पुतळा देणं सोपं असतं. मेलेला माणूस जाब विचारत नाही. शिवाय १८९८ साली त्याला लष्करी गणवेशात उभा करायची सोय नव्हती म्हणून कुत्रा घेऊन फिरायला लावला. दात काढलेला साइगो.

पेठेतला_वाचक

इतका वेळ वाट बघत होतो, कुणीतरी सागारा सोझोचं नाव घेईल. कुणीच घेईना.

'देशासाठी लढला आणि देशानेच मारला' हे वर्णन शब्दशः लागू पडेल असा माणूस या सगळ्या काळात कुणी असेल तर तो हा. घर पैसेवाल्यांचं, जन्म १८३९ चा, एदोतच, म्हणजे आजच्या तोक्योत, वाढलेला. १८६७ च्या अखेरीस साइगोला शोगुनशी युद्ध हवं होतं, पण शोगुनने आपणहून सत्ता सोडल्यामुळे निमित्त मिळेना. मग सागाराने एदोतल्या सात्सुमाच्या वाड्यात रोनिन, म्हणजे बिनधन्याचे सामुराई, जमवले आणि शहरात लुटालूट, जाळपोळ सुरू केली. शोगुनच्या माणसांनी चिडून तो वाडाच जाळला. निमित्त मिळालं, लढाई सुरू झाली. कुणाच्या सांगण्यावरून? साइगोच्या.

मग जानेवारी १८६८ मध्ये सागाराने 'सेकिहोताई' ही तुकडी उभी केली, नव्या सरकारच्या फौजेच्या पुढे चालायला. गावोगाव एकच घोषणा: शेतसारा निम्मा होणार! ही त्याच्या मनची नव्हती, सरकारची परवानगी घेतलेली होती. शेतकऱ्यांनी दारं उघडली. पण सरकारी तिजोरीत खडखडाट होता, मोहिमेचा पैसा मित्सुईसारख्या सावकारांकडून यायचा होता, आणि सारा निम्मा केला तर ते कर्ज फेडायचं कशातून? परवानगी मागे घेतली. उघडपणे 'आम्ही शब्द फिरवला' म्हणायचं तर लाज जाते, म्हणून सेकिहोताई ही 'खोटी सरकारी फौज' आहे असं जाहीर केलं. सागाराला बैठकीला म्हणून शिमोसुवाला बोलावलं, बांधून थंडीपावसात बाहेर बसवलं, आणि चौकशी न करता साथीदारांसकट मुंडकं उडवलं. जुन्या पंचांगाप्रमाणे तिसऱ्या महिन्याची तीन तारीख. वय तिशीच्या आत.

साइगो तेव्हा तोकाइदोच्या रस्त्याने एदोकडे निघाला होता. काही दिवसांत त्याने शोगुनच्या बाजूच्या कात्सु काइशूबरोबर बोलणी करून एदो शहर रक्ताचा थेंब न सांडता ताब्यात घेतलं, त्याचं कौतुक आजही होतं. व्हायलाही हवं. पण त्याच शहरात त्याच्यासाठी आग लावणाऱ्या माणसासाठी त्याने एक शब्द टाकला नाही.

सह्यकडा, साइगोला फसवलं असेलही. पण फसवायची ती रीत त्याच्या डोळ्यांदेखत बसली होती.

सह्यकडा

शिमोसुवाला साइगो नव्हता. हुकूम तोसांदो मार्गावरच्या फौजेच्या मुख्यालयाचा होता. एवढं तरी लिहायला हवं होतंत.

पेठेतला_वाचक

लिहिलं नाही हे खरं. हुकूम त्याचा नव्हता हेही खरं. गप्प बसणं मात्र त्याचंच.

अजून एक: १८७४ मध्ये सागा भागातल्या सामुराईंनी केलेल्या बंडानंतर एतो शिंपेई पळून साइगोकडे आला. एतो म्हणजे न्यायखातं उभं करणारा मंत्री, कोरियाच्या प्रश्नावर साइगोबरोबरच राजीनामा दिलेला. मदत मागितली, साइगोने नाही म्हटलं. पुढे एतोवर नावापुरता खटला झाला आणि त्याचं कापलेलं डोकं लोकांना बघायला ठेवलं. खटल्याला हजर असलेल्या ओकुबोने, म्हणजे साइगोच्याच सात्सुमातल्या बड्या मंत्र्याने, डायरीत त्याच्या केविलवाण्या अवस्थेची टिंगल केलीये. त्या दिवशी साइगोला कळलं नसेल, आपल्या वाट्याला काय वाढून ठेवलंय?

मीठभाकरी

म्हणजे सारा निम्मा होईल म्हणून दारं उघडणारे शेतकरी पुन्हा कुणाच्याच प्रतिसादात नाहीत. १८७६ मध्ये मिए आणि इबाराकीत त्यांनीही दंगे केले होते. जानेवारी १८७७ मध्ये सरकारने घाबरून जमिनीचा कर तीन टक्क्यांवरून अडीच टक्के केला. साइगो निघायच्या महिनाभर आधी. जे तलवारीने मिळालं नाही ते बांबूच्या भाल्यांनी मिळवलं. याच्यावर कुणी ॲनिमे काढत नाही.

तोक्योतली_सून

शिमोसुवाला सागाराचं स्मारक आहे. वाचलेल्या साथीदारांनीच १८७० मध्ये उभारलेलं. सुवा सरोवराला फिरायला गेलात तर वाट वाकडी करून जा. नातवाने वर्षानुवर्षं खेटे घातल्यावर १९२८ मध्ये सरकारने त्याला मरणोत्तर सन्मान दिला आणि नंतर यासुकुनीत, म्हणजे देशासाठी मेलेल्यांच्या तोक्योतल्या देवस्थानात, नाव घेतलं. साइगोचं नाव यासुकुनीत आजही नाही, कारण तो सरकारविरुद्ध लढून मेला. हिशेब तुम्हीच लावा.

खडूसमामा

सागारा मला माहीत नव्हता, कबूल करतो. धाग्याचं शीर्षक मात्र बदलणार नाही, उलट आता जास्तच पक्कं झालंय. मीठभाकरी, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.

भाच्याला हे सगळं पाठवलं. म्हटलं, बघ, सेकिहोताई नावाची एक तुकडी होती, तुझ्या साइगोपेक्षा मोठी गोष्ट. पाच मिनिटांत उत्तर आलं:

"मामा, सेकिहोताई मला सातवीपासून माहितीये. ॲनिमेत आहे."