‘नॉन-सिरॉटिक पोर्टल फायब्रोसिस’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : भाचीच्या डिस्चार्ज कार्डावर ‘नॉन-सिरॉटिक पोर्टल फायब्रोसिस’ असे निदान आहे. घरच्यांसाठी मी त्याचे ‘सूत्रणविरहित द्वारतंतुमयता’ असे भाषांतर केले, तेव्हा वहिनींनी विचारले, “म्हणजे तंतू आहेत की नाहीत?” योग्य प्रतिशब्द कोणता?

उत्तर : वहिनींची शंका रास्त आहे. सिरोसिससाठी, म्हणजे यकृतात तंतू वाढून ते घट्ट आणि गाठाळ होण्याच्या आजारासाठी, मराठीत ‘सूत्रण रोग’ असा शब्द आढळतो. पण सूत्र म्हणजेच तंतू, त्यामुळे आपल्या भाषांतरात एकच गोष्ट आधी नाकारली जाते आणि लगेच मान्यही केली जाते. मूळ नावात हा घोळ नाही, कारण फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी 1819 मध्ये ‘सिरोसिस’ हा शब्द योजला तो पिवळसर तांबूस रंगाच्या ग्रीक शब्दावरून. म्हणून येथे ‘सिरोसिस’ तसाच ठेवावा, हे बरे.

‘पोर्टल’चे मूळ लॅटिन ‘पोर्टा’, म्हणजे दरवाजा. आतडी आणि पांथरी (प्लीहा) यांचे रक्त घेऊन पोर्टल शीर यकृताच्या ज्या खाचेतून आत शिरते, ते हे दार. ‘प्रतिहारी शिरा’ हा शब्द म्हणूनच मला आवडतो, कारण प्रतिहारी म्हणजे दारावरची राखणदारीण. मात्र घरी तो कोणी बोलणार नाही, आणि नुसते ‘पोर्टल’ म्हटले तर लोकांना सात-बारा काढायचे संकेतस्थळ आठवते.

‘नॉन-सिरॉटिक पोर्टल फायब्रोसिस’ हे नाव भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 1969 मधील कार्यशाळेत रूढ झाले; जपानमध्ये याच विकाराला ‘इडियोपॅथिक (म्हणजे कारण न कळलेले) पोर्टल हायपरटेन्शन’ म्हणतात. त्यातील ‘हायपरटेन्शन’ म्हणजे दंडाला पट्टा बांधून मोजायचे बीपी नव्हे. यकृतातील प्रतिहारी शिरेच्या बारीक फांद्या अरुंद होऊन बुजत जातात, मागे दाब साचतो, पांथरी वाढते आणि अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. यकृताच्या कामाच्या तपासण्या मात्र बहुधा ठीक येतात. 2019 मध्ये सुचवलेल्या ‘पोर्टो-सायनुसॉइडल व्हॅस्क्युलर डिसीज’ (प्रतिहारी शिरेच्या फांद्या आणि यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्या यांचा आजार) या व्यापक नावातून सिरोसिस आणि फायब्रोसिस हे दोन्ही शब्द गळले आहेत.

घरी सांगताना ‘यकृतात शिरणाऱ्या शिरेच्या फांद्यांचा आजार, सिरोसिस नव्हे’ एवढे म्हणावे. ‘लिव्हर खराब झाले’ हा प्रयोग टाळावा, कारण तो कानावर पडताच पाहुणे दारूची चौकशी करू लागतात.

पुन्हा प्रश्नकर्ता : आभारी आहे. वहिनींना ‘शिरेच्या फांद्या’ लगेच समजल्या. ‘प्रतिहारी’ मात्र त्यांना नाटकातली वाटली.