द्रावण सुकू द्या
एक प्रश्न आलाय, शस्त्रक्रियेआधी त्वचेवर लावायला कोणतं जंतुनाशक चांगलं, क्लोरहेक्सिडिन की पोव्हिडोन-आयोडिन? शस्त्रक्रियेआधी अखंड त्वचेसाठी अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन सहसा सरस. अल्कोहोल झटपट जंतू मारतं, क्लोरहेक्सिडिन त्वचेला चिकटून तासन्‌तास काम करत राहतं. डोळ्यात आणि मधल्या कानात मात्र ते अजिबात जाता कामा नये, इजा होते. डोळ्यासाठी ५% पोव्हिडोन-आयोडिन वापरतात.

पण माझ्या मते नावापेक्षा सुकू देणं महत्त्वाचं, आणि घाईत नेमकं तेच राहतं. आयोडिनचा तपकिरी थर ओला असतानाच पुसला तर उपयोग काय? अल्कोहोलवालं द्रावण केसांत किंवा पाठीखाली साचलं आणि कॉटरी (विजेच्या उष्णतेनं रक्तस्राव थांबवणारं उपकरण) सुरू झाली, तर चक्क पेट घेतं! बिनकेसांच्या त्वचेवरसुद्धा किमान ३ मिनिटं थांबायलाच हवं.