सातव्या महिन्यात वजन हळू वाढतंय: प्रतिसाद

वर ज्या ताईंनी लिहिलंय ना, मुलगी सात महिन्यांची, वजन 7 किलो 200, महिन्याभरात फक्त 250 ग्रॅम वाढलं आणि सासूबाई म्हणतायत दूध पुरत नाही, त्यांच्यासाठी. अहो, सहा महिन्यांनंतर वेग कमी होतोच. पहिल्या तीन महिन्यांत बाळं महिन्याला पाऊण-एक किलो वाढतात, नंतर पाव किलोच्या आसपास आलं तरी चालतं. एकाच आकड्याकडे बघत बसू नका, लसीकरणाच्या फाइलमध्ये डब्ल्यूएचओचा (जागतिक आरोग्य संघटनेचा) वाढीचा तक्ता असतो बघा (मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा), त्यात दर महिन्याच्या वजनाचा ठिपका टाकून रेघ जोडा, ती वर चढत असली की झालं. आडवी पडली किंवा खालच्या पट्टीत घसरली तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा.

आणि काटा एकच ठेवा हो! आमच्या इथे सिंहगड रोडला केमिस्टकडच्या मोठ्या काट्यावर आईसकट बाळ तोलतात आणि मग वजाबाकी, त्यात डायपर भरलेला, 200 ग्रॅम इकडेतिकडे होणारच ना. डोक्याचा घेर पण मोजून घ्या, तो हमखास राहून जातो.

बाळ 37 आठवड्यांच्या आधी झालंय का? तसं असेल तर वय ड्यू डेटपासून धरायचं. आणि आधार देऊन बसते का, हाक मारली की वळते का, तेही लिहा.